नायजेरियातील डेप्युटी गव्हर्नर: पद, अधिकार आणि कारकीर्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नायजेरियाच्या बातम्यांत डेप्युटी गव्हर्नर अचानक उगवतो आणि तितक्याच अचानक गायब होतो. मध्ये काय घडले ते कळायला त्या देशाची १९९९ ची राज्यघटना आणि चार-सहा गाजलेली प्रकरणे ठाऊक हवीत. लागोस, कानो किंवा पोर्ट हारकोर्टला नोकरी-धंद्यानिमित्त राहणारे आणि आफ्रिकेच्या राजकारणावर नजर ठेवणारे मराठी वाचक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल का?

नाही. नायजेरियात ३६ राज्ये आहेत आणि प्रत्येक राज्याचा गव्हर्नर थेट मतदारांनी चार वर्षांसाठी निवडलेला असतो. मंत्रिमंडळ तो नेमतो, अंदाजपत्रक तो मांडतो, तिजोरीच्या चाव्याही त्याच्याकडेच असतात. तिथल्या मंत्र्यांना कमिशनर म्हणतात. राजधानी अबुजाच्या प्रदेशाला गव्हर्नर नसतो, तिथला कारभार केंद्राचा मंत्री पाहतो.

मग डेप्युटी गव्हर्नर म्हणजे उपमुख्यमंत्री?

वरवर तसे वाटते, पण दोन्ही पदांची बैठकच वेगळी आहे. भारताच्या राज्यघटनेत उपमुख्यमंत्री या पदाचा उल्लेख नाही. महाराष्ट्रात १९७८ साली नासिकराव तिरपुड्यांपासून हे पद आले ते राजकीय सोयीने. मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने ते जाते आणि मुख्यमंत्र्यांचे पद रिकामे झाले म्हणून उपमुख्यमंत्री आपोआप वर चढत नाही.

नायजेरियात नेमके उलट आहे. कलम १८६ प्रमाणे प्रत्येक राज्याला डेप्युटी असलाच पाहिजे. गव्हर्नर त्याला बडतर्फ करू शकत नाही, आणि गव्हर्नर गेला तर खुर्ची त्याचीच. मात्र रोजच्या कामात त्याच्या हाती स्वतःचे म्हणून जवळपास काहीच नसते. नायजेरियन लोक या पदाला गाडीची स्टेपनी म्हणतात. डेप्युटींना ते झोंबते, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

त्याची निवड कशी होते?

स्वतंत्र मतदान होत नाही. कलम १८७ सांगते की गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने जोडीदार दिला नाही तर त्याचा स्वतःचा अर्जच वैध धरला जाणार नाही. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह असते आणि त्या एका शिक्क्यात दोघेही निवडून येतात. जिंकायला सर्वाधिक मते लागतातच, शिवाय राज्यातील किमान दोन-तृतीयांश लोकल गव्हर्नमेंट क्षेत्रांत (स्थानिक कारभाराचे विभाग) प्रत्येकी किमान एक-चतुर्थांश मते लागतात. या दुसऱ्या अटीमुळेच जोडीदार निवडताना नकाशा पुढ्यात घेऊन बसावे लागते. प्रत्येक राज्याचे तीन सिनेट विभाग (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ) असतात. गव्हर्नर एका विभागातला असेल तर डेप्युटी दुसऱ्यातला, असा बहुतेक ठिकाणचा प्रघात आहे.

जिथे मुस्लिम आणि ख्रिस्ती दोन्ही समाज मोठे आहेत तिथे धर्माचाही तोल सांभाळला जातो. कडुना राज्यात हा संकेत अनेक वर्षे पाळला गेला. २०१९ मध्ये गव्हर्नर नासिर एल-रुफाई यांनी स्वतः मुस्लिम असूनही तो मोडून दक्षिण कडुनातील मुस्लिम डॉक्टर हदिझा बलराबे यांना सोबत घेतले. टीका बरीच झाली, पण जोडी निवडून आली.

पात्रता काय लागते?

जन्माने नायजेरियन नागरिकत्व, वयाची ३५ वर्षे, पक्षाचे सदस्यत्व व उमेदवारी, आणि किमान शालान्त पातळीपर्यंतचे शिक्षण. २०१८ मध्ये तरुणांसाठी घटनादुरुस्ती झाली तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची वयोमर्यादा ४० वरून ३५ वर आणि राज्य विधानसभेची ३० वरून २५ वर आली. गव्हर्नरची ३५ होती तशीच राहिली. जोडीदारालाही गव्हर्नरचीच पात्रता लागू होते.

शिक्षणाची अट इतकी सौम्य असताना प्रमाणपत्रांवरून एवढे खटले का होतात?

कारण अडचण शिक्षणाची नसते, कागदाची असते. उमेदवाराला निवडणूक आयोगाकडे वैयक्तिक माहितीचे शपथपत्र द्यावे लागते (पूर्वी सीएफ ००१, आता ईसी ९ नमुना) आणि त्याला प्रमाणपत्रे जोडावी लागतात. त्यात खोटी माहिती आढळली तर अपात्रता. जोडीदाराचा अर्ज बाद झाला की मुख्य उमेदवारही गेला, कारण उमेदवारी दोघांची एकत्र असते.

याचे सगळ्यात जळजळीत उदाहरण बायेल्सा राज्याचे. १६ नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत एपीसी पक्षाचे डेव्हिड लायन जिंकले. शपथविधी १४ फेब्रुवारी २०२० ला ठरला होता. आदल्या दिवशी, १३ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: त्यांचे जोडीदार बिओबाराकुमा डेगी-एरेमिएन्यो यांच्या प्रमाणपत्रांवरची नावे एकमेकांशी जुळत नाहीत. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर दुसरे, पदव्यांवर आणखी वेगळे. कुठे ‘डेगी’, कुठे ‘अडेगी’. मंडपापर्यंत पोचलेली जोडी बाद झाली आणि दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी पीडीपी पक्षाचे दुये दिरी यांनी शपथ घेतली. फेरविचाराची याचिकाही त्याच महिन्यात फेटाळली गेली.

लायन यांच्या स्वतःच्या कागदपत्रांना या निकालात कोणी हात लावलेला नव्हता. त्यामुळे जोडीदार ठरवण्याआधी त्याच्या जन्मनोंदीपासून शेवटच्या पदवीपर्यंतच्या प्रत्येक कागदावरचे स्पेलिंग ताडून पाहावे लागते आणि नावात बदल झाला असेल तर तो कायदेशीररीत्या नोंदवलेला आहे का हे बघावे लागते. नुसते प्रतिज्ञापत्र जोडून भागेल हा समज बायेल्सात महागात पडला.

निवडून आल्यावर डेप्युटी नेमके करतो काय?

गव्हर्नर सांगेल ते. कलम १९३ म्हणते की गव्हर्नर आपल्या मर्जीनुसार डेप्युटीकडे किंवा कमिशनरकडे शासनाच्या कोणत्याही कामाची जबाबदारी सोपवू शकतो. ‘शकतो’ या एका शब्दावर डेप्युटीची सगळी चार वर्षे लटकलेली असतात.

व्यवहारात काही कामे ठरलेली आहेत. राज्याच्या सीमा समितीचे अध्यक्षपद डेप्युटीकडे असते, आणि शेतजमीन, कुरणे किंवा तेलविहिरींवरून दोन राज्ये भांडत असतील तिथे हे काम मुळीच सोपे नसते. उत्तरेकडच्या अनेक राज्यांत पोलिओ लसीकरणाच्या कृतिदलाचे नेतृत्व डेप्युटीच करत आले. आपत्ती निवारण, यात्रेकरू मंडळ, गव्हर्नरच्या वतीने लग्न-मयत आणि कोनशिला समारंभ हेही आलेच. काही गव्हर्नर डेप्युटीला कमिशनरचे खातेही देतात. खाते मिळाले की त्याला स्वतःची फाइल, स्वतःचे अधिकारी आणि जिल्ह्याजिल्ह्यात स्वतःची माणसे मिळतात. महत्त्वाकांक्षी डेप्युटीसाठी पगारापेक्षा, गाड्यांच्या ताफ्यापेक्षा हे मोलाचे.

पगार किती?

२००८ च्या वेतन कायद्यातील आकड्यांनुसार मूळ वेतन वर्षाला सुमारे २१ लाख नायरा (नायजेरियाचे चलन), गव्हर्नरपेक्षा जेमतेम लाखभर कमी. खरा फरक भत्त्यांत आणि कार्यालयीन खर्चात पडतो, कारण तो पैसा सुटतो गव्हर्नरच्या संमतीने. संबंध बिघडले की पहिली तक्रार ऐकू येते ती निधी अडवल्याची. निवृत्तीनंतरचे लाभ राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यांनी माजी गव्हर्नर आणि डेप्युटींना घर, गाड्या, औषधोपचार देणारे कायदे केले. झांफारा राज्याने २०१९ मध्ये असा कायदा रद्द केला. त्याआधी माजी गव्हर्नरांनी महिना एक कोटी नायरांच्या भत्त्याची आठवण करून देणारे पत्र लिहिले होते आणि ते बाहेर फुटले होते.

गव्हर्नर आजारी पडला किंवा परदेशी गेला तर सत्ता आपोआप डेप्युटीकडे जाते का?

आपोआप नाही, पत्र लागते. कलम १९० प्रमाणे गव्हर्नरने विधानसभेच्या सभापतींना लेखी कळवायचे की आपण रजेवर जात आहोत किंवा काम करू शकत नाही. ते पत्र पोचले की डेप्युटी कार्यवाहक गव्हर्नर होतो. गव्हर्नर परत आल्याचे लेखी कळवतो तेव्हा तो आपल्या जागी जातो.

पूर्वी पत्रच पाठवले नाही तर काय, याला घटनेत उत्तर नव्हते. हे भोक देशपातळीवर उघडे पडले. राष्ट्राध्यक्ष उमारू यार’अदुआ नोव्हेंबर २००९ मध्ये उपचारांसाठी सौदी अरेबियाला गेले आणि पत्र काही आले नाही. उपराष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन अडीच महिने नुसते ताटकळले. अखेर ९ फेब्रुवारी २०१० ला संसदेने ‘अपरिहार्यतेचे तत्त्व’ पुढे करून आणि यार’अदुआंनी बीबीसीला दिलेली मुलाखत हीच लेखी सूचना मानून जोनाथन यांना कार्यवाहक केले. त्यानंतरच्या घटनादुरुस्तीने २१ दिवसांची मुदत घातली: तेवढ्या काळात पत्र आले नाही तर सभागृह साध्या बहुमताने ठराव करून डेप्युटीला अधिकार देऊ शकते.

तरी घोडे अडतेच, कारण विधानसभा बहुधा गव्हर्नरच्या मुठीत असते. ओंडो राज्यात गव्हर्नर रोतिमी अकेरेडोलू जून २०२३ मध्ये उपचारांसाठी जर्मनीला गेले आणि डेप्युटी लकी आयेदातिवा कार्यवाहक झाले. सप्टेंबरमध्ये अकेरेडोलू परतले ते राजधानी अकुरेला नव्हे, तर ओयो राज्यातील इबादानच्या घरी. त्याच महिन्यात विधानसभेने आयेदातिवांवर महाभियोग सुरू केला. न्यायालयाने तो थांबवला आणि राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी मध्यस्थी केली. डिसेंबरात अकेरेडोलू यांनी पुन्हा रजेचे पत्र दिले, आयेदातिवा पुन्हा कार्यवाहक झाले. २७ डिसेंबरला अकेरेडोलू यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी आयेदातिवांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली. तीन महिन्यांपूर्वी ज्याला हाकलायला निघाले होते, तोच साहेब झाला. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत त्यांनी राज्यातील सगळीच्या सगळी १८ लोकल गव्हर्नमेंट क्षेत्रे जिंकली.

ताराबा राज्याची गोष्ट याहून चमत्कारिक. ४ ऑक्टोबर २०१२ ला तिथल्या विधानसभेने डेप्युटी सानी दानलादी यांना काढले आणि गरबा उमर यांना त्या जागी आणले. २५ ऑक्टोबरला गव्हर्नर दानबाबा सुंताई स्वतः चालवत असलेले छोटे विमान योलाजवळ कोसळले. ते वाचले, पण कारभार पाहण्याच्या अवस्थेत राहिले नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी आलेले उमर दोन वर्षे राज्य चालवत राहिले. मग २१ नोव्हेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने दानलादींना काढणेच बेकायदा ठरवले. उमर घरी गेले, दानलादी थेट कार्यवाहक गव्हर्नरच्या खुर्चीत बसले.

गव्हर्नरपद कायमचे रिकामे झाले तर?

मृत्यू, राजीनामा, महाभियोग किंवा कायमची असमर्थता यापैकी काहीही झाले तरी कलम १९१ प्रमाणे डेप्युटी उरलेल्या मुदतीसाठी पूर्ण गव्हर्नर होतो. मग तो नवा डेप्युटी सुचवतो आणि विधानसभा त्याला मंजुरी देते. दोन्ही पदे एकाच वेळी रिकामी झाली तरच सभापती कारभार घेतो, तोही जास्तीत जास्त तीन महिने, आणि तेवढ्यात निवडणूक घ्यावी लागते.

कडुनात ही शिडी दोनदा वापरली गेली. २०१० मध्ये गव्हर्नर नमादी साम्बो उपराष्ट्राध्यक्ष झाले, डेप्युटी पॅट्रिक याकोवा वर चढले. १५ डिसेंबर २०१२ ला याकोवा हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि त्यांचे डेप्युटी मुख्तार येरो गव्हर्नर झाले.

२०१८ च्या एका दुरुस्तीने यात कात्री लावली आहे. दुसऱ्याची उरलेली मुदत पुरी करायला शपथ घेतलेल्या माणसाला पुढे एकदाच निवडून येता येते.

मतदान झाले, पण शपथेआधीच गव्हर्नर वारला तर?

निकाल जाहीर होऊन तो ‘निर्वाचित’ ठरलेला असेल तर कलम १८१ प्रमाणे निर्वाचित डेप्युटी शपथ घेतो. निकाल जाहीर झालेला नसेल तर पूर्वी प्रकरण पक्षाच्या हाती जाई; २०२२ च्या निवडणूक कायद्याने मात्र ती जागा जोडीदाराला दिली. २१ नोव्हेंबर २०१५ च्या कोगी निवडणुकीत अबुबकर ऑडू आघाडीवर होते, आयोगाने काही केंद्रांवर फेरमतदान बाकी असल्याने निवडणूक अपूर्ण ठरवली आणि मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी ऑडू वारले. जोडीदार जेम्स फालेके म्हणत राहिले की मते माझीही आहेत. पक्षाने उमेदवारी दिली ती उमेदवार ठरवण्याच्या पक्षांतर्गत फेरीत दुसरे आलेल्या याह्या बेलो यांना आणि सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. फालेकेंच्या वाट्याला आलेला हा निकाल कायद्याने बरोबर असेलही, पण ज्या मतांत दोघांचा वाटा होता ती तिसऱ्याच्या नावे गेली हे खटकतेच.

डेप्युटीला काढायची पद्धत कोणती?

कलम १८८, म्हणजे महाभियोग. पायऱ्या अशा:

१. विधानसभेच्या किमान एक-तृतीयांश सदस्यांच्या सहीची, आरोपांचा तपशील असलेली नोटीस सभापतींकडे जाते.
२. सात दिवसांत सभापती तिची प्रत डेप्युटीला आणि प्रत्येक सदस्याला देतात. उत्तर आले तर तेही सर्वांना देतात.
३. नोटीस मिळाल्यापासून १४ दिवसांत सभागृह चर्चा न करता चौकशी करायची की नाही ते ठरवते. चौकशीसाठी एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मते लागतात.
४. ठराव झाल्यावर सात दिवसांत सभापती राज्याच्या मुख्य न्यायाधीशांना सात जणांची समिती नेमायला सांगतात. समितीतले लोक सरकारी नोकर, आमदार किंवा पक्षाचे सदस्य नसावेत.
५. डेप्युटीला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. समितीचा अहवाल तीन महिन्यांत यावा लागतो.
६. आरोप सिद्ध झाले नाहीत तर प्रकरण तिथेच संपते. सिद्ध झाले तर १४ दिवसांत सभागृह पुन्हा दोन-तृतीयांश मतांनी अहवाल स्वीकारते आणि त्याच क्षणी पद जाते.

पाणी मुरते ते ‘गंभीर गैरवर्तन’ या शब्दांपाशी. घटनेचा भंग किंवा ‘सभागृहाच्या मते’ गंभीर असलेले वर्तन, अशी त्याची व्याख्या आहे. २०१४ मध्ये एनुगु राज्यात डेप्युटी सनडे ओन्येबुची यांच्यावरच्या आरोपांत एक होता सरकारी निवासस्थानी कोंबड्या पाळल्याचा. दुसरा होता गव्हर्नरने सांगितलेल्या कार्यक्रमांना हजर न राहिल्याचा. कोंबड्यांवरून २६ ऑगस्टला पद गेले. पुढे न्यायालयाने ही हकालपट्टी रद्द ठरवली, पण तोवर त्यांची मुदत कधीच संपून गेली होती.

असे महाभियोग न्यायालयात कशामुळे पडतात?

घटनेत लिहिले आहे की या कारवाईवर कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की पायऱ्या नीट पाळल्या असतील तरच हे कवच मिळते. चुका ठरावीक असतात.

पहिली, संख्येची. जानेवारी २००६ मध्ये ओयो राज्यात ३२ पैकी १८ आमदारांनी इबादानच्या एका हॉटेलात बसून गव्हर्नर रशिदी लाडोजा यांना काढले आणि डेप्युटी अडेबायो अलाओ-अकाला खुर्चीवर बसले. दोन-तृतीयांश म्हणजे २२ हवे होते. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने लाडोजांना परत आणले. प्लॅटो राज्यात तर त्याच वर्षी २४ पैकी आठ जणांनी गव्हर्नर जोशुआ दारिये यांना काढले. तेही एप्रिल २००७ मध्ये परतले.

दुसरी, समितीचा अहवाल धाब्यावर बसवण्याची. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोगीचे डेप्युटी सायमन अचुबा यांच्यावरचे आरोप सिद्ध झाले नाहीत असा अहवाल समितीने दिला. घटनेप्रमाणे तिथे विषय मिटायला हवा होता. विधानसभेने त्याच दिवशी त्यांना काढून टाकले.

तिसरी, घाईत बाजूच ऐकून न घेण्याची. एडोचे फिलिप शाइबू यांना ८ एप्रिल २०२४ ला काढले गेले आणि त्याच दिवशी ३८ वर्षांचे ओमोबायो गॉडविन्स यांचा शपथविधी झाला. जुलैमध्ये संघीय उच्च न्यायालयाने हकालपट्टी बेकायदा ठरवली. भांडणाचे मूळ होते २०२४ ची गव्हर्नरपदाची उमेदवारी: गव्हर्नर गॉडविन ओबासेकी यांच्या मनात दुसरा माणूस होता आणि शाइबू माघार घेईनात. महाभियोगाच्या आधी, सप्टेंबर २०२३ मध्येच, त्यांचे कार्यालय गव्हर्नमेंट हाउसच्या आवारातून हलवले गेले होते. कोणत्याही राज्यात डेप्युटीच्या कचेरीचे बिऱ्हाड हलले की पुढच्या नोटिशीची वाट बघायला हरकत नाही.

राजीनामा कोणाला द्यायचा? एवढ्या बारीक गोष्टीने काय फरक पडतो?

गव्हर्नरचा राजीनामा सभापतींकडे, डेप्युटीचा राजीनामा गव्हर्नरकडे. कलम ३०६. फरक पडतो तो अख्ख्या राज्याचा.

२०१४ मध्ये अदामावाच्या विधानसभेने गव्हर्नर मुर्ताला न्याको आणि डेप्युटी बाला जेम्स न्गिलारी या दोघांवरही महाभियोग चालवला. न्गिलारींचा राजीनामा सभापती उमारू फिंतिरी यांच्या नावे होता. सभागृहात तो स्वीकारला गेला आणि १५ जुलैला न्याको यांनाही काढण्यात आले. दोन्ही खुर्च्या रिकाम्या धरून फिंतिरी कार्यवाहक गव्हर्नर झाले. पोटनिवडणूक ११ ऑक्टोबरला ठरली, पक्षांनी उमेदवार दिले, प्रचार रंगात आला.

मतदानाला तीन दिवस असताना, ८ ऑक्टोबरला, अबुजाच्या संघीय उच्च न्यायालयाने न्गिलारींच्या बाजूने निकाल दिला. राजीनामा गव्हर्नरला उद्देशून नव्हता, म्हणून तो झालाच नाही. ते डेप्युटी होते आणि न्याको गेले त्या क्षणापासून गव्हर्नर व्हायला हवे होते. त्याच दिवशी शपथ झाली, निवडणूक रद्द झाली आणि न्गिलारींनी मे २०१५ पर्यंत कारभार केला. फिंतिरी २०१९ मध्ये रीतसर निवडून येऊन परतले.

डेप्युटीने पक्ष बदलला तर पद जाते का?

जात नाही. पक्षांतराने जागा रिकामी होण्याची तरतूद आमदार-खासदारांसाठी आहे. ओंडोचे आगबूला अजयी २०२० मध्ये एपीसी सोडून पीडीपीत गेले, तिथे उमेदवारी हुकल्यावर तिसऱ्या पक्षाकडून आपल्याच गव्हर्नरविरुद्ध लढले, हरले आणि तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये मुदत संपेपर्यंत डेप्युटीच राहिले. उलट झांफारात २०२१ मध्ये गव्हर्नर बेल्लो मतावल्ले पीडीपीतून एपीसीत गेले, डेप्युटी महदी अलियू गुसाऊ जागचे हलले नाहीत, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये महाभियोगाने गेले. धोका पक्षांतरात नसतो, गव्हर्नरच्या पाठोपाठ न जाण्यात असतो.

राज्यात आणीबाणी आली तर डेप्युटीचे काय?

१८ मार्च २०२५ ला रिव्हर्स राज्यात राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली तेव्हा गव्हर्नर सिमिनालाई फुबारा यांच्याबरोबर डेप्युटी न्गोझी ओडू आणि विधानसभाही सहा महिन्यांसाठी निलंबित झाली. निवृत्त नौदल अधिकाऱ्याकडे कारभार गेला. सप्टेंबरमध्ये सगळे परतले. २०१३ मध्ये बोर्नो, योबे आणि अदामावात आणीबाणी होती तेव्हा मात्र कोणालाच हटवले नव्हते.

महिला डेप्युटी बऱ्याच दिसतात. गव्हर्नर किती झाल्या?

निवडून आलेली एकही नाही. अनाम्ब्राच्या व्हर्जिनिया एटियाबा नोव्हेंबर २००६ ते फेब्रुवारी २००७ गव्हर्नर होत्या, गव्हर्नर पीटर ओबी यांना महाभियोगाने काढल्यामुळे. न्यायालयाने ओबींना परत आणले आणि एटियाबा कसलीही खळखळ न करता पुन्हा डेप्युटी झाल्या. २०२३ च्या निवडणुकांनंतर कडुना, ओगुन, एकिटी, रिव्हर्स, एबोन्यी, अक्वा इबोम, प्लॅटो, अदामावा अशा अनेक राज्यांत महिला डेप्युटी होत्या. पक्ष महिलांना दुसरी जागा सढळ हाताने देतात, पहिली देताना हात आखडतो.

डेप्युटीपासून वर चढलेल्या एखाद्याची कारकीर्द कशी असते?

जोनाथन यांची सगळ्यांना माहीत आहे: १९९९ पासून बायेल्साचे डेप्युटी, डिसेंबर २००५ मध्ये गव्हर्नर अलामियेसेघा महाभियोगाने गेल्यावर गव्हर्नर, २००७ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष, २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष. पण त्यात नशिबाचा वाटा फार मोठा आहे. पायरी पायरीने चढणे बघायचे तर कानोचे अब्दुल्लाही उमर गंडुजे पाहावेत.

जन्म १९४९, दावाकिन तोफा भागातल्या गंडुजे गावचा. इबादान विद्यापीठातून लोकप्रशासनात डॉक्टरेट. १९९९ मध्ये राबिउ क्वांक्वासो गव्हर्नर झाले आणि गंडुजे डेप्युटी. सोबत लोकल गव्हर्नमेंटचे खातेही मिळाले. कानोत ४४ लोकल गव्हर्नमेंट क्षेत्रे आहेत, देशात सर्वाधिक. त्या प्रत्येकातला कार्यकर्ता ओळखीचा होणे ही त्यांची पुढची पुंजी ठरली. २००३ मध्ये जोडी हरली. क्वांक्वासो केंद्रात संरक्षणमंत्री झाले, गंडुजे त्यांचे सल्लागार म्हणून मागे गेले. २०११ मध्ये दोघे पुन्हा जिंकले, पुन्हा त्याच क्रमाने. आठ वर्षे दुसऱ्या जागेवर राहूनही त्यांनी साहेबाविरुद्ध जाहीर शब्द काढला नाही. क्वांक्वासिया या क्वांक्वासोंच्या चळवळीच्या लाल टोप्या घालून हिंडणाऱ्यांत तेही असत.

२०१५ मध्ये गुरूने वारसा दिला आणि वर्षभरात दोघांचे फाटले. लाल टोपी गंडुजेंच्या डोक्यावरून उतरली. त्यांचे स्वतःचे डेप्युटी हाफिझ अबुबकर यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये राजीनामा दिला आणि ते क्वांक्वासोंच्या गोटात गेले. २०१९ मध्ये क्वांक्वासोंच्या गटाचे अब्बा कबीर युसुफ यांनी गंडुजेंना इतके दमवले की निकाल फेरमतदानावर गेला आणि अवघ्या ८,९८२ मतांनी लागला. २०२३ मध्ये अब्बांनी कानो घेतलेच. गंडुजे ऑगस्ट २०२३ मध्ये एपीसीचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले आणि जून २०२५ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

महाभियोगाने गेलेला डेप्युटी पुन्हा राजकारणात येऊ शकतो?

येतो. ओसुनचे इयिओला ओमिसोरे यांना डिसेंबर २००२ मध्ये विधानसभेने काढले. केंद्रीय मंत्री बोला इगे यांच्या खून खटल्यात ते तुरुंगात होते आणि एप्रिल २००३ मध्ये तिथूनच सिनेटवर निवडून आले. खटल्यातून पुढे ते निर्दोष सुटले. काढल्या गेलेल्या डेप्युटीला आपल्या विभागात ‘अन्याय झालेला आपला माणूस’ म्हणून सहानुभूती मिळते, आणि निवडणूक जवळ असेल तर विरोधी पक्षाचे दारही उघडे असते.